सतरा अंशांवरचं सीरम: लुई पिलमर आणि प्रॉपर्डिनचं प्रकरण

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतू मारणारी रक्तातल्या प्रथिनांची साखळी, शिकवताना फळ्यावर ती सुरू होण्याच्या तीन वाटा काढाव्या लागतात: क्लासिकल, लेक्टिन आणि अल्टरनेटिव्ह. मुलं बाण वहीत उतरवतात, कुठून कुठे जातात ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पूर्वी मीही प्रतिपिंडाकडून येणाऱ्या क्लासिकल वाटेपासूनच सुरुवात करायचे. आता उलट करते. तिसऱ्या वाटेपासून सुरू करते, आणि तीही क्लीव्हलंडमधल्या एका प्रयोगशाळेपासून. ती वाट शोधणारा माणूस ती सिद्ध झालेली पाहू शकला नाही. त्याची गोष्ट ऐकली की फळ्यावरचे बाण मुलांच्या लक्षात राहतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर लिहिते.

आधी त्या काळात सर्वमान्य काय होतं ते बघू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांनी दाखवलं, की सीरमने (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या नितळ द्रवाने) जंतू फोडायचा असेल तर त्यात दोन गोष्टी हव्यात. एक प्रतिपिंड, जे तापवलं तरी टिकतं. दुसरा घटक नाजूक: सीरम अर्धा तास ५६ अंश सेल्सिअसला ठेवलं की तो निकामी होतो. या कामासाठी बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. त्या नाजूक घटकाला ‘कॉम्प्लिमेंट’ हे नाव पॉल एर्लिक यांनी दिलं. कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक, प्रतिपिंडाचं अपुरं काम पुरं करणारा. नावातच नातं ठरून गेलं. प्रतिपिंड मालक आणि कॉम्प्लिमेंट त्याच्या हाताखालचा गडी. मालकाने जंतू दाखवल्याशिवाय गडी हात उचलणार नाही. पुढची पन्नास वर्षं सगळे याच समजुतीने चालले.

न बसणाऱ्या गोष्टी मात्र होत्या. नागाचं विष सीरममध्ये मिसळलं की कॉम्प्लिमेंट संपतं, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. यीस्टच्या पेशी घातल्या तरी तसंच व्हायचं. आणि बॉस्टनमध्ये १९३७ च्या सुमारास थॉमस हेल हॅम यांना एक विलक्षण आजार अभ्यासायला मिळाला होता. त्यात सकाळी उठल्यावर लघवी गडद तांबडी येते, कारण तांबड्या पेशी रक्तातच फुटतात. हॅम यांनी या रुग्णांच्या पेशी किंचित आम्ल केलेल्या सीरममध्ये ठेवल्या आणि त्या फुटल्या. निरोगी माणसाचं सीरम घेतलं तरी फुटल्या. कॉम्प्लिमेंट लागत होतं, पण प्रतिपिंड काही सापडत नव्हतं. हे तिन्ही धागे वेगवेगळ्या कपाटांत पडून राहिले.

लुई पिलमर यांचा जन्म १९०८ चा, जोहान्सबर्गचा. वाढले ते अमेरिकेत. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात एन्रिक एकर यांच्या हाताखाली ते कॉम्प्लिमेंटमध्ये शिरले. मूळचे रसायनवाले, त्यामुळे प्रथिनं शुद्ध करण्यात त्यांचा हात बसलेला होता. १९४१ मध्ये एकर आणि त्यांनी बेकरीच्या यीस्टच्या पेशीभिंतीपासून न विरघळणारा एक अवशेष वेगळा काढला. तो कॉम्प्लिमेंट खाऊन टाकत असे. त्याचं नाव झायमोसान. आमच्या प्रयोगशाळांत आजही झायमोसान वापरतात. पांढरट पूड, पाण्यात ढवळली की गढूळ होते आणि थोड्या वेळाने तळाला बसते. पुढचं सगळं महाभारत या पुडीभोवती घडलं.

त्या काळी कॉम्प्लिमेंटचे चारच घटक ठाऊक होते: सी-१, सी-४, सी-२ आणि सी-३. क्रम चुकला नाही बरं का. आकडे शोधाच्या क्रमाने पडले आणि साखळीत सी-४ हा सी-२ च्या आधी येतो, ही अडचण मुलांना दरवर्षी येते. त्यातलं ‘सी-३’ म्हणजे प्रत्यक्षात एक गाठोडं होतं. पुढे ते सुटलं तेव्हा आतून सहा प्रथिनं निघाली.

झायमोसान आणि सीरम ३७ अंशांना एकत्र ठेवलं की सी-३ नाहीसं होतं, पण सी-१, सी-४ आणि सी-२ जवळपास जागच्या जागी राहतात. पिलमर इथेच अडकले. साखळी जर पहिल्या कडीपासून ओढली जात असेल, तर शेवटची कडी तुटावी आणि पहिल्या तीन शाबूत राहाव्यात हे कसं? १९५३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या क्रियेला मॅग्नेशियम लागतं. त्यानंतर त्यांनी फक्त तापमान बदललं.

सीरम आणि झायमोसान यांचं मिश्रण ३७ ऐवजी १७ अंशांना ठेवलं. सी-३ जागेवरच राहिलं. नळी यंत्रात गरगर फिरवून झायमोसान तळाला बसवलं, वरचं नितळ सीरम वेगळं काढलं. या सीरममध्ये कॉम्प्लिमेंटचे चारही घटक मोजता येत होते. आता त्यात ताजं झायमोसान घालून नळी ३७ अंशांना ठेवली. नियमाने सी-३ संपायला हवं होतं. ते संपलं नाही. म्हणजे थंडीत झायमोसानला काहीतरी चिकटून निघून गेलं होतं, आणि ते काहीतरी चार घटकांपैकी एकही नव्हतं. मग त्या जुन्या झायमोसानवरून तीव्र मिठाच्या द्रावणाने चिकटलेला पदार्थ सोडवून घेतला आणि सीरममध्ये परत घातला. क्रिया पुन्हा सुरू झाली.

ज्याने प्रयोगशाळेत एकदा तरी हाताने काम केलं आहे त्याला या प्रयोगाची किंमत कळेल. काढून घ्या, काम थांबतं. परत द्या, काम सुरू होतं. याहून स्वच्छ पुरावा त्या काळात मागणं कठीण होतं.

त्या पदार्थाला पिलमर यांनी नाव दिलं प्रॉपर्डिन. नाश करणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. ‘सायन्स’ साप्ताहिकात २० ऑगस्ट १९५४ ला सहा जणांच्या नावाने निबंध आला. त्यातला दावा असा: प्रॉपर्डिन हे प्रतिपिंड नाही, कुठल्याही एका जंतूसाठी घडवलेलं नाही, जन्मतःच रक्तात असतं आणि कॉम्प्लिमेंट व मॅग्नेशियम यांच्या साथीने ते जंतू मारतं, विषाणू निष्प्रभ करतं. ते काढून घेतलेलं सीरम काही जंतूंसमोर हतबल ठरत होतं. १९५६ मध्ये याच गटाने हॅम यांच्या त्या सकाळच्या तांबड्या लघवीच्या आजाराला हात घातला आणि त्या पेशी फुटायलाही प्रॉपर्डिन लागतं असं दाखवलं. कपाटांतले धागे एकत्र यायला लागले होते.

बातमी वर्तमानपत्रांत गेली. प्रतिपिंडाशिवायची नैसर्गिक प्रतिकारशक्ती एका प्रथिनात सापडली, असं सर्वसामान्य माणसाने वाचलं. प्रॉपर्डिनची पातळी वाट्टेल त्या आजारात मोजली जाऊ लागली: किरणोत्सर्ग, रक्तस्राव, कर्करोग. ओहायोच्या तुरुंगातल्या कैद्यांना कर्करोगाच्या पेशी टोचून पाहण्याचे प्रयोग तेव्हा चालू होते, त्यांतही ती मोजली गेली. हे वाचताना मला आजही अस्वस्थ वाटतं. त्या कैद्यांनी होकार दिला होता असं सांगितलं जातं. कोठडीतल्या माणसाच्या होकाराला किती अर्थ असतो, हे आपण नंतर शिकलो. प्रॉपर्डिनचा पाया अजून पक्का झाला नव्हता आणि वर मजले चढत होते, हेही खरं.

मग आक्षेप आला. तो रॉबर्ट नेल्सन यांचा, आणि १९५८ मध्ये सविस्तर छापला गेला. मला तो मुलांसमोर मांडायला फार आवडतो, कारण त्यात खोडसाळपणा नाही. नेल्सन म्हणाले, यीस्टशी प्रत्येक माणसाचा संबंध रोजच येतो. मग प्रत्येकाच्या रक्तात यीस्टविरुद्ध थोडी थोडी प्रतिपिंडं असणारच. प्रतिपिंड थंडीतही चिकटतं, पण कॉम्प्लिमेंटची साखळी थंडीत नीट चालत नाही. म्हणजे १७ अंशांना झायमोसानने उचलून नेलं ते नवं प्रथिन कशाला, ही साधी प्रतिपिंडंच असतील. ती गेली म्हणून क्रिया थांबली. तुम्ही सोडवून परत घातलं तेही तेच. आणि तुमचं प्रॉपर्डिन तितकं शुद्ध आहे का, की त्यात प्रतिपिंडाचा लवलेशही नाही?

पुन्हा वर जाऊन प्रयोग वाचा. नळ्यांतला एकही आकडा न बदलता दुसरी कथा तंतोतंत बसते. प्रयोग चुकला नव्हता. त्या प्रयोगातून दोनपैकी एक निवडता येत नव्हतं. निवड करायला दोनच गोष्टी उपयोगी पडल्या असत्या: पूर्ण शुद्ध प्रॉपर्डिन, किंवा क्लासिकल वाट जन्मतःच बंद असलेला एखादा प्राणी. दोन्ही १९५८ मध्ये कुणाकडेच नव्हतं.

नेल्सन यांचा निबंध छापून येण्याआधीच पिलमर गेले होते. टीकेची कुजबुज त्यांच्या कानांपर्यंत पोचली होती. ३१ ऑगस्ट १९५७ ला, वयाच्या ४९ व्या वर्षी, झोपेच्या औषधाची मात्रा जास्त होऊन त्यांचा मृत्यू झाला. त्याबद्दल तर्क लढवायचा मला अधिकार नाही. त्यांचे सहकारी अर्विन लेपो यांनी १९८० मध्ये या सगळ्यावर एक अतिशय संयमित व्याख्यान छापलं. विज्ञानातल्या वादाची माणसाला काय किंमत पडते हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने ते शोधून वाचावं. प्रॉपर्डिनचं नाव पुढची दहा वर्षं सभांमध्ये फारसं आदराने घेतलं जात नव्हतं.

उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. १९६८ मध्ये लेपो आणि जुन्या गटातल्या पेन्स्की वगैरे मंडळींनी प्रॉपर्डिन अखेर शुद्ध केलं. ते प्रतिपिंडांच्या कुळातलं नाही हे स्पष्ट झालं. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांत गिनीपिगचा एक वंश सापडला, ज्यांच्या रक्तात सी-४ अजिबात नव्हतं. सी-४ नाही म्हणजे प्रतिपिंडाकडून येणारी वाट बंद. १९७१ मध्ये मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी या गिनीपिगच्या सीरममध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंच्या भिंतीतलं विष, घातलं, आणि सी-३ पासून पुढचे घटक खर्ची पडले. याच प्राण्याची १९५८ मध्ये गरज होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या ला होयात ओटो गोएट्झे आणि हान्स म्यूलर-एबरहार्ड यांनी सी-३ ला थेट चालना देणारी वेगळी वाट रसायनाच्या भाषेत मांडली. अल्टरनेटिव्ह हे नाव रूढ झालं. पिलमर यांच्या गटाने प्रॉपर्डिनच्या जोडीला लागणारे दोन घटक ‘ए’ आणि ‘बी’ म्हणून नोंदले होते. ‘ए’ म्हणजे सी-३ च निघालं, आणि उष्णतेने मरणारा ‘बी’ आज फॅक्टर बी याच नावाने पुस्तकात आहे.

आता ही वाट चालते कशी, ते सांगते. मी वर्गात त्यासाठी आजीच्या चुलीचा आधार घेते. रात्री चूल विझवायची नाही. निखाऱ्यावर राख ओढायची. आत धग राहते, सकाळी काडेपेटी लागत नाही.

सी-३ हे रक्तात भरपूर असतं, दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या वर. त्याच्या पोटात एक ताणलेला रासायनिक बंध असतो. रक्तातल्या पाण्याने तो सतत, अगदी थोड्या रेणूंत, आपोआप तुटत राहतो. असा उघडलेला सी-३ फॅक्टर बी ला धरतो, फॅक्टर डी येऊन बी ला कापतो आणि एक छोटी कात्री तयार होते. ती कात्री इतर सी-३ चे तुकडे करते. त्यातला मोठा तुकडा, सी-३-बी, क्षणभरात जो पृष्ठभाग समोर येईल त्याला घट्ट चिकटतो: जंतू असो की आपलीच पेशी. तिथे बसला की तो पुन्हा बी ला धरतो, डी कापतो, नवी कात्री. एकाच्या दहा, दहाच्या शंभर. कुणी जंतू ओळखून आदेश दिलेला नाही. निखारा सदैव आहे.

मग आपण जळून का जात नाही? कारण राख आहे. फॅक्टर एच आणि फॅक्टर आय ही जोडी सी-३-बी ला निकामी करत फिरते. आपल्या पेशींवर सियालिक आम्ल नावाची एक शर्करा असते, त्यावर एच नीट बसतो. शिवाय पेशीच्या अंगावरच कात्री मोडणारी प्रथिनं असतात. जंतूच्या किंवा यीस्टच्या भिंतीवर यातलं बहुधा काही नसतं. ठिणगी दोन्हीकडे पडते. ओल्या लाकडावर विझते, वाळल्या पाचोळ्यावर पेटते. १९७३ मध्ये पीटर लाखमन आणि निकोल यांनी सीरममधून फॅक्टर आय काढून टाकला, तर कुठलाही जंतू न घालता सी-३ आपोआप संपत गेलं. राख झटकली आणि चूल पेटली.

आणि प्रॉपर्डिन? ती फुंकणी. एकटी सोडली तर ती कात्री ३७ अंशांना दीड मिनिटात निम्मी मोडते. १९७५ मध्ये डग्लस फिअरन आणि फ्रँक ऑस्टेन यांनी दाखवलं, की प्रॉपर्डिन तिला धरून ठेवतं. कात्रीचं आयुष्य पाच ते दहा पट वाढतं. कॉम्प्लिमेंटला लगाम घालणारी प्रथिनं पुष्कळ. पुढे रेटणारं प्रॉपर्डिन हे एकच ठळक. पांढऱ्या पेशी ते स्वतःच्या कणांत साठवून संसर्गाच्या जागी ओततात, म्हणजे फुंकणी नेमकी तिथेच पोचते.

पुढचं सगळ्या वाटांना समान आहे, थोडक्यात उरकते. सी-३-बी चा थर बसला की भक्षक पेशी जंतू झटकन गिळतात. सी-५ फुटून निघालेला छोटा तुकडा पांढऱ्या पेशींना हाक मारतो. उरलेले घटक मिळून जंतूच्या पटलात सुमारे दहा नॅनोमीटरचं भोक पाडतात. क्लासिकल वाटेने सुरू झालेली आगही याच कात्रीवर वाढते, म्हणून प्रतिपिंड असलं तरी तिसरी वाट कामाला लागतेच. गडी-मालकाचं नातं तिथे संपलं.

माणसांतला पुरावा १९८२ मध्ये स्वीडनमधून आला. एका कुटुंबात पुरुषांना मेनिन्गोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूचा झपाट्याने जीव घेणारा संसर्ग होत होता, आणि त्यांच्या रक्तात प्रॉपर्डिन नव्हतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे झळ पुरुषांना बसते. एका पुडीला चिकटून निघून जाणारं ते ‘काहीतरी’ नसलं, तर धडधाकट माणसाचा काही तासांत जीव जाऊ शकतो.

पिलमर यांचं कुठे चुकलं, हेही लिहायला हवं. त्यांचं चित्र असं होतं, की प्रॉपर्डिन आधी झायमोसान ओळखून चिकटतं आणि मग बाकीचे येतात. आज बहुतेकांचं मत असं, की सी-३-बी आधी बसतं आणि प्रॉपर्डिन त्यावर येतं. पण हा मुद्दाही पूर्ण मिटला असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये सेंट लुईसच्या एका गटाने प्रॉपर्डिन थेट पृष्ठभागाला धरून सुरुवात करू शकतं असं मांडलं, त्यांच्या नळीतही झायमोसान होतं. २०१२ मध्ये नॉर्वेच्या गटाने सी-३ शिवाय ते चिकटत नाही असं दाखवलं. शुद्धतेचा प्रश्नही परत आला: साठवून ठेवलेलं प्रॉपर्डिन गोळा होऊन वेगळं वागतं. नेल्सन यांनी विचारलेला प्रश्न पन्नास वर्षांनी नव्या कपड्यांत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, नेल्सन बरोबर नव्हते, पण त्यांनी विचारणं बरोबर होतं. खुपतं ते वेगळंच. आक्षेपाला उत्तर मिळायच्या आत लोकांनी निकाल लावून टाकला, आणि ज्या प्रयोगाला उत्तर नव्हतं त्यालाच खोटा ठरवलं.

पिलमर यांचं मॅग्नेशियम आजही रोज उपयोगी पडतं. रुग्णाची अल्टरनेटिव्ह वाट चालते का हे तपासताना सीरममधलं कॅल्शियम ईजीटीए या रसायनाने बांधून टाकतात आणि मॅग्नेशियम ठेवतात. क्लासिकल वाटेला कॅल्शियम लागतं, ती गप्प बसते. मग त्यात सशाच्या तांबड्या पेशी घालतात, कारण माणसाच्या सीरमला त्या वाळल्या पाचोळ्यासारख्या. फिरवून बाजूला ठेवलेल्या नळीतलं वरचं पाणी लालभडक झालं तर वाट चालू आहे. पेशींची तांबडी गोळी तळाला तशीच आणि वर स्वच्छ पाणी राहिलं, तर मी रुग्णाचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेते.

आणि हॅम यांचा तो आजार. आता कळलं आहे, की त्या तांबड्या पेशींच्या अंगावर राख धरून ठेवणारी दोन प्रथिनं, सीडी-५५ आणि सीडी-५९, बसूच शकत नाहीत. २००७ मध्ये सी-५ अडवणारं औषध आलं. २०२१ मध्ये थेट सी-३ अडवणारं पेगसेटाकोप्लान मंजूर झालं. त्याचं मूळ कॉम्पस्टॅटिन या छोट्या रेणूत आहे, आणि तो १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात शोधणाऱ्या तिघांतले पहिले नाव अरविंद साहू, ज्यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात कॉम्प्लिमेंटवरच काम केलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तोंडाने घ्यायचं इप्टाकोपान मंजूर झालं. ते अडवतं फॅक्टर बी ला, पिलमर यांच्या गटाने नाव दिलेल्या त्या उष्णतेने मरणाऱ्या घटकाला. ही औषधं सुरू करायच्या निदान दोन आठवडे आधी रुग्णाला मेनिन्गोकॉकसची लस टोचतात.